लेक्चर समजलं होतं, मग पेपर का नाही सुटला? ऑनलाइन इंजिनिअरिंग आणि अ‍ॅक्टिव्ह लर्निंग

आधी एक प्रश्न. उत्तर मनातल्या मनात नको, कागदावर किंवा फोनच्या नोट्समध्ये लिहा.

९ व्होल्टची एक बॅटरी आहे. तिला दोन अगदी सारखे दिवे, ए आणि बी, सिरीजमध्ये म्हणजे एकामागे एक जोडले आहेत. दोन्ही सारखेच पेटलेत. आता तसाच तिसरा दिवा, सी, आपण बीच्या पॅरललमध्ये जोडला. ए चा उजेड वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? आणि बीचं काय होईल?

लिहिलंत? ठेवा बाजूला. उत्तर पुढे येतंय, पण न लिहिता वाचलंत तर मजा जाईल. का जाईल, तोच या लेखाचा विषय आहे.

'यस सर' ची रांग

२४ मार्च २०२० ला रात्री लॉकडाऊन जाहीर झाला आणि आमचं कॉलेज काही दिवसांत ऑनलाइन गेलं. सकाळी नऊला ग्रुपवर लिंक यायची. सर पीपीटी शेअर करायचे. ऐंशी जण जॉइन, ऐंशी कॅमेरे बंद. वीस मिनिटांनी सर विचारायचे, "समजलं का सगळ्यांना?" की चॅटमध्ये 'यस सर', 'यस सर', 'यस सर'. मीही टाकायचो. एकदा तर बेसिनपाशी दात घासता घासता टाकलं होतं.

पण ते पूर्ण खोटंही नव्हतं. सर बोलत असताना खरंच सगळं कळतंय असं वाटायचं. रेकॉर्डिंग परत दीडपट स्पीडने बघितलं की अजूनच कळायचं. ऑनलाइन एमसीक्यू परीक्षांमध्ये मार्कही बरे पडले. मग परीक्षा पुन्हा वर्गात आल्या. नेटवर्क्सचा पेपर हातात पडला आणि नोडल अ‍ॅनालिसिसला सुरुवात कुठून करायची हेच आठवेना. जो टॉपिक मी तीनदा 'बघितला' होता, तो मी एकदाही 'केला' नव्हता. केटी लागली. केटीचं खरं दुखणं तुम्हाला माहीतच आहे: कॅम्पसला येणाऱ्या कितीतरी कंपन्यांच्या फॉर्मवर पहिलीच अट असते, लाइव्ह बॅकलॉग नको.

तेव्हा वाटलं, चूक माझी एकट्याची. आळस केला, भोगा आता. आळस होताच, नाही म्हणत नाही. पण नंतर या विषयावर वाचायला लागलो तेव्हा कळलं की मी ज्या सापळ्यात अडकलो, तो सापळा चांगलाच अभ्यासलेला आहे.

समजणं वेगळं, समजल्यासारखं वाटणं वेगळं

हार्वर्ड विद्यापीठात फिजिक्सच्या प्राथमिक कोर्समधल्या मुलांवर एक प्रयोग झाला. लुई डेलोरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. मुलांचे दोन गट केले. एका गटाला एका अनुभवी शिक्षकाने छान, सफाईदार लेक्चर दिलं. दुसऱ्या गटाला तोच टॉपिक, तीच हँडआउट्स, पण इथे मुलांनी आधी स्वतः गणितं सोडवायची, आपापसात डोकं लावायचं आणि मग शिक्षक उत्तर सांगणार. तास संपल्यावर दोघांनाही सारखीच टेस्ट दिली आणि विचारलं, "किती शिकलात असं वाटतं?"

टेस्टमध्ये दुसरा गट पुढे होता. पण 'जास्त शिकलो' असं वाटत होतं पहिल्या गटाला!

कारण सोपं आहे. चांगलं लेक्चर गुळगुळीत रस्त्यासारखं असतं, गाडी अडकतच नाही. स्वतः करताना माणूस अडखळतो, चुकतो, चिडतो, आणि त्या अडखळण्यालाच आपण 'मला येत नाहीये' असं समजतो. प्रत्यक्षात शिकणं तिथेच चाललेलं असतं.

हा एकच प्रयोग नाही. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी सायन्स, इंजिनिअरिंग आणि गणितातले २२५ अभ्यास एकत्र करून तपासले. नुसत्या लेक्चरच्या वर्गांत नापास होणाऱ्यांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के निघालं, तर मुलांना काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. शंभर मुलांच्या वर्गात बारा जणांचा फरक! हे बहुतेक अभ्यास प्रत्यक्ष वर्गातले आहेत, ऑनलाइनचे नाहीत, हे लक्षात ठेवा. पण डोकं तेच असतं, स्क्रीनसमोर बसलं म्हणून बदलत नाही. उलट ऑनलाइनला निसटणं जास्त सोपं, कारण नोटिफिकेशन त्याच स्क्रीनवर येतं.

मग हे अ‍ॅक्टिव्ह लर्निंग म्हणजे नक्की काय?

नाव मोठं आहे, गोष्ट छोटी. तास चालू असताना विद्यार्थ्याने ऐकण्या-लिहून घेण्यापलीकडे काहीतरी करायचं: अंदाज बांधायचा, उत्तर ठरवायचं, दुसऱ्याला पटवायचं, चूक शोधायची. ॲनिमेशन दाखवणं म्हणजे अ‍ॅक्टिव्ह लर्निंग नाही. ते बघताना तुम्ही तेवढेच निष्क्रिय असता, फक्त स्क्रीन रंगीत असते.

यातली सगळ्यात गाजलेली पद्धत एरिक माझूर या हार्वर्डच्याच प्राध्यापकांची. त्यांचं लेक्चर मुलांना आवडायचं, गणितंही मुलं सोडवायची. १९९० च्या सुमारास त्यांनी न्यूटनच्या नियमांवर अगदी साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न विचारून बघितले. एका विद्यार्थिनीने उलट विचारलं, उत्तर तुम्ही शिकवलंय तसं लिहू, की मी एरवी विचार करते तसं? माझूर गार. निकालही तसाच आला, फॉर्म्युले पाठ पण कल्पना कच्च्या. पुढे एकदा वर्गात एक मुद्दा दोनदा समजावूनही कळेना तेव्हा वैतागून ते म्हणाले, एकमेकांशीच बोला. वर्गात गलका झाला, आणि काही मिनिटांत मुलांनी मुलांना समजावून टाकलं. नुकतंच ज्याला कळलंय, त्याला नेमकी अडचण कुठे होती ते आठवत असतं. प्रोफेसर ती अडचण वीस वर्षांपूर्वी विसरलेले असतात.

यातून आली 'पीअर इन्स्ट्रक्शन'. शिक्षक कल्पना तपासणारा एक प्रश्न टाकतात. प्रत्येकाने एकट्याने, न बोलता उत्तर द्यायचं. साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर मुलांना जोड्यांत बोलायला लावायचं, 'वेगळं उत्तर दिलेला शोध आणि त्याला पटव'. मग पुन्हा मतदान, आणि शेवटी उलगडा. तीसच्या खाली असेल तर पुन्हा शिकवायचं, सत्तरच्या वर असेल तर पुढे सरकायचं.

ऑनलाइन क्लासमध्ये हे बसवायचं कसं?

तुमच्यापैकी काही जण ज्युनिअर्सना शिकवत असाल, काही जण नुकतेच लेक्चरर म्हणून लागले असाल. आणि ज्यांना फक्त शिकायचंय त्यांनीही हे वाचा, सरांना सुचवायला उपयोगी पडेल.

पहिली अडचण: 'समजलं का?' या प्रश्नाला कधीच खरं उत्तर येत नाही. त्याऐवजी चॅटमध्ये उत्तर मागवा, पण एका अटीवर: सगळ्यांनी टाइप करून ठेवायचं, सेंड करायचं नाही. मिनिटभराने सर म्हणाले 'पाठवा' की एकदम ऐंशी उत्तरं पडतात. पहिल्या दोन हुशार मुलांची कॉपी मारायला वेळच मिळत नाही. यासाठी ना ॲप लागतं, ना कॅमेरा, ना जास्त डेटा. टूजीसारखं नेटवर्क असलेल्या गावातला मुलगासुद्धा यात भाग घेऊ शकतो. मला विचाराल तर ऑनलाइन शिकवण्यातली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरलेली युक्ती आहे.

पोल घ्यायचा तर व्हॉट्सअ‍ॅपचा पोल टाळा. त्यात कोणी कशाला मत दिलं ते ग्रुपमध्ये सगळ्यांना बघता येतं, म्हणजे टॉपरने 'बी' दाबलं की चाळीस जण 'बी' दाबणार. गूगल फॉर्म किंवा मीटिंग ॲपमधला पोल बरा, निकाल शेवटीच दाखवायचा.

जोड्यांचं काय? ब्रेकआउट रूम म्हटलं की अनेकांच्या अंगावर काटा येतो. पाच म्यूट माइक, पाच काळे चौकोन, आणि 'हॅलो, कोणी आहे का?' ते फसतं कारण काम धूसर असतं: "डिस्कस करा". काय डिस्कस करा? त्याऐवजी दोघं किंवा तिघंच ठेवा, वेळ चार मिनिटं, आणि बाहेर येताना हातात काहीतरी हवं: एक आकडा, एक आकृती, किंवा 'आमचं उत्तर का बदललं' याचं एक वाक्य. आणि आत जाण्याआधी प्रत्येकाने स्वतःचं उत्तर लिहिलेलंच असावं. ज्याच्याकडे उत्तर आहे तो बोलतो, रिकाम्या हाताने गेलेला गप्प बसतो.

आधी एकटा, मग जोडी, मग सगळे. या क्रमाला 'थिंक-पेअर-शेअर' म्हणतात. याचं उदाहरण आपल्या पवईतच आहे. आयआयटी बॉम्बेत पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगच्या वर्गात, चारशेहून जास्त मुलं एका हॉलमध्ये असताना, संशोधकांनी ही पद्धत वापरून मुलांचं निरीक्षण केलं. २०१३ मध्ये मांडलेल्या त्यांच्या पेपरनुसार सरासरी ८३ टक्के मुलं दिलेल्या कामात गुंतलेली होती. एवढ्या मोठ्या वर्गात हा आकडा भारीच आहे. तो हॉल होता, झूम नव्हे, पण 'वर्ग मोठा आहे, असं काही जमणार नाही' ही सबब मात्र त्याने निकालात निघते.

आता त्या दिव्यांकडे वळू

तुमचं उत्तर काय होतं? बरेच जण म्हणतात, ए तेवढाच राहील, कारण करंट पुढे जाऊन वाटला जाणार, ए तर आधीच येतो. काही जण म्हणतात, दिवे वाढले म्हणजे सगळेच मंद होणार.

आकडे घालून बघा. प्रत्येक दिवा १० ओहमचा धरू. आधी ए आणि बी मिळून २० ओहम, म्हणजे करंट ०.४५ अँपिअर, प्रत्येकावर ४.५ व्होल्ट. सी जोडल्यावर बी आणि सी मिळून झाले ५ ओहम. एकूण १५. करंट वाढून ०.६ अँपिअर. आता ए वर ६ व्होल्ट आणि बीवर फक्त ३. म्हणजे ए जास्त उजळला (पॉवर साधारण २ वॉटवरून ३.६), आणि बी मंदावला (०.९ वॉट).

चुकलं असेल तर उत्तम. आता तुम्हाला नेमकं कळलंय की तुमच्या डोक्यात काय अडकलं होतं: सर्किटमध्ये 'आधी' आणि 'नंतर' असं नसतं, एका टोकाला बदल केला की पूर्ण सर्किटचा हिशोब बदलतो. हेच मी पहिल्या ओळीत सांगितलं असतं तर तुम्ही 'हो, बरोबर' म्हणून पुढे स्क्रोल केलं असतं.

हे फोनवर करूनही बघता येतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाची 'फेट' नावाची फुकट सिम्युलेशन्स आहेत. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. बऱ्याच सिम्युलेशन्सचं मराठी भाषांतरही झालंय. त्यातल्या 'सर्किट कन्स्ट्रक्शन किट: डीसी' मध्ये ब्राउझरमध्येच वायरी ओढून हे सर्किट दोन मिनिटांत बनतं. पण अंदाज आधी लिहायचा! माझूर यांच्याच गटाने २००४ मध्ये दाखवलं की जी मुलं प्रयोग नुसता बघतात, त्यांची समज प्रयोग अजिबात न बघितलेल्या मुलांपेक्षा फारशी बरी नसते. बघण्याआधी अंदाज बांधला तर मात्र ती बरीच सुधारते, आणि त्याला वेळ लागतो जेमतेम दोन मिनिटं.

रेकॉर्डेड व्हिडिओ असेल तर?

लाइव्ह क्लास एकवेळ बरा, निदान सर नाव घेऊन विचारू शकतात. रेकॉर्डिंग काहीच विचारत नाही. एडएक्सच्या कोर्सेसमधली जवळपास ६९ लाख व्हिडिओ सेशन्स तपासली (२०१४) तेव्हा दिसलं की सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ लोक नीट बघतात, त्यापुढे लक्ष गळत जातं. आपल्याकडे पन्नास मिनिटांचं लेक्चर जसंच्या तसं अपलोड होतं.

यावर आयआयटी बॉम्बेच्या मंडळींनी त्यांच्या ऑनलाइन कोर्सेसमध्ये एक साधी गोष्ट केली. व्हिडिओच्या मधेच शिक्षक थांबतात, प्रश्न विचारतात आणि सांगतात, आता व्हिडिओ पॉज करा, उत्तर लिहा, मग प्ले करा. याला ते 'रिफ्लेक्शन स्पॉट' म्हणतात. पुढे शिक्षक संभाव्य उत्तरांवर बोलतात, चुकीच्या उत्तरांवरसुद्धा. आयआयटी बॉम्बेचाच 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प सॉफ्टवेअर शिकवताना याच वाटेने जातो: साधारण दहा मिनिटांचा व्हिडिओ, एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला तुमचं सॉफ्टवेअर उघडं. तो एक पायरी करतो, तुम्ही थांबवून तीच करता. मराठी आवाजातही बरेच आहेत.

कोडिंगवाल्यांसाठी थोडं वेगळं. फोनवर कोड टाइप करणं म्हणजे शिक्षा आहे, आणि लॅपटॉप प्रत्येकाकडे नसतो. पण प्रोग्रामच्या ओळी उलटसुलट करून दिल्या आणि त्या योग्य क्रमाने लावायच्या असतील, तर ते बोटानेही होतं. याला 'पार्सन्स प्रॉब्लेम' म्हणतात, २००६ पासून वापरात आहे. त्यात एक-दोन ओळी मुद्दाम चुकीच्या घातल्या की खरी कसोटी लागते. 'पायथन ट्यूटर' या साइटवर कोड एकेक ओळ चालताना व्हेरिएबल्स कसे बदलतात ते दिसतं. पुन्हा तेच: 'नेक्स्ट' दाबण्याआधी पुढची किंमत काय होईल ते बोलून दाखवा.

कुठे फसतं

नव्या कोऱ्या टॉपिकवर मुलांना थेट 'सोडवा बघू' म्हणणं हा अन्याय आहे. लाप्लास ट्रान्सफॉर्म काय ते माहीतच नसताना कोण काय शोधून काढणार? आधी एखादं गणित शिक्षकाने पूर्ण सोडवून दाखवावं, दुसऱ्यात शेवटच्या दोन पायऱ्या मुलांवर सोडाव्यात, तिसरं पूर्ण त्यांचं.

ग्रुप असाइनमेंटमध्ये चार नावं आणि एकाचं काम, हे तर आपण सगळ्यांनी केलंय. दुसरं म्हणजे अभ्यासक्रम. प्रत्येक तासात असं केलं तर सिलॅबस कमी कव्हर होतो, शिक्षकांची ही तक्रार खरी आहे. उपाय एवढाच की जे वाचून कळतं ते आधी वाचायला पाठवायचं आणि तास अवघड भागासाठी ठेवायचा. ते वाचून न येणारी मुलं असतील, त्यांच्यासाठी तासाच्या सुरुवातीला दोन मार्कांची क्विझ. (दोन मार्कांत खूप ताकद असते.)

आणि लेथ, वेल्डिंग, सोल्डरिंग? ते स्क्रीनवर येणार नाही. सिम्युलेशनमध्ये वायर सैल होत नाही, मल्टीमीटरची बॅटरी संपलेली नसते, आयसी उलटी बसत नाही. व्हर्च्युअल लॅब ही खऱ्या लॅबच्या आधीची तयारी म्हणून झकास, तिची जागा घ्यायला नाही.

सर काहीच करत नाहीत, मग?

मग तुम्हीच करा. अँड्रॉइड फोनमध्ये स्प्लिट स्क्रीन असते: वर लेक्चर, खाली नोट्स. मी मात्र कागद-पेन सुचवेन, सर्किट आणि इंटिग्रेशन टाइप करत बसण्यात अर्थ नाही. गणित स्क्रीनवर आलं की पॉज. तीन मिनिटं स्वतः. अडकलात तरी चालेल, कुठे अडकलो ते लिहा. मग प्ले.

लेक्चर संपलं की दुसऱ्यांदा बघू नका. सगळं बंद करून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी हेच तपासलं होतं: उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या टेस्टमध्ये पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या टेस्टमध्ये आठवून लिहिणारे पुढे गेले. पेपर काही पाच मिनिटांनी नसतो.

एनपीटीईएलचा कोर्स करत असाल तर दर आठवड्याची असाइनमेंट ही त्यातली सगळ्यात किमती गोष्ट आहे, आणि नेमकी तिचीच उत्तरं टेलिग्रामवर फिरत असतात. ती घेऊन मार्क मिळतील, पण प्रॉक्टर्ड परीक्षेला तुम्ही एकटेच बसणार आहात.

केटीच्या वेळी मी एवढंच केलं. रात्री साडेनऊला एका मित्राला कॉल, तो पुण्यात, मी घरी. एक जण प्रश्न काढणार, दोघं म्यूट करून सोडवणार, मग उत्तर एकमेकांना दाखवायचं. जुळलं नाही की भांडण. कधीकधी एका गणितावर पाऊण तास जायचा आणि काहीच अभ्यास झाला नाही असं वाटायचं. नेटवर्क्स त्याच सेमला निघाला.

आता कागद परत घ्या. तेच सर्किट, सी काढून टाका. त्याऐवजी बीच्या दोन्ही टोकांना नुसती एक वायर जोडली तर ए चं काय होईल, बीचं काय, आणि बॅटरीतून किती करंट जाईल? आधी लिहा, मग फेट उघडा.